काळी पाचचा हट्ट

आमच्या घरात संशय पाहुणा म्हणून कधी आला नाही, तो घरचाच होता. माय दूध घेताना आधी वास घ्यायची, मग बोट बुडवायची आणि मग दूधवाल्याचं तोंड न्याहाळायची. तोंड बरं दिसलं तरच भांडं पुढे करायची. बाहेर जाताना ट्रंकेच्या झाकणावर स्वतःचा एक केस ठेवून जायची आणि परत आल्यावर चपला काढायच्या आधी तो जागेवर आहे की नाही ते पाहायची. त्या ट्रंकेत दोन जुनी लुगडी आणि आजोबांचा फेटा एवढाच ऐवज होता, त्यामुळे केस कधी हलला नाही. पण हलला नाही याचाही तिला संशय. "ठेवला असन कोणी परत," म्हणायची. मी तिचीच मुलगी. ज्या माणसाने मला गाणं दिलं त्याच्यावर मी भर दुपारी, सगळ्यांसमोर आळ घेतला, त्याचं खापर मायच्या डोक्यावर फोडून मोकळं व्हायला मला फार आवडलं असतं. पण संशय तिने दाखवला असेल, त्याला खाऊपिऊ घालून मोठं केलं ते मी.

गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग, मागच्या खोलीत चूल, आणि मधे जी जागा उरेल तिथे आम्ही. बाबा लुगडी विणायचे. सकाळी सहाला सुरू झालेली मागाची खटखट दुपारच्या जेवणालाच थांबायची आणि ती थांबली की शेजारीपाजारीही हात धुवायला उठायचे. मी जमिनीवर बसून त्यांना कांड्या भरून द्यायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळ्यांवर चरख्याने सूत गुंडाळून द्यायची, आणि मागाच्या ठेक्यावर गुणगुणायची. ठेका सुटला की बाबा माग थांबवून म्हणायचे, "कुंदे, धोटा अडकला वं तुहा." आमच्या घरातलं संगीताचं ज्ञान एवढंच. मी गाणारी होणार हे ठरल्यावर मायने माझं लोणचं, ताक आणि संत्री बंद केली. नागपुरात राहून हिवाळाभर संत्र्याला हात लावायचा नाही ही काय शिक्षा आहे ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रविवारी पाटोडीचा रस्सा व्हायचा, त्यातही माझी वाटी बिनतिखटाची. मी रडायची, आणि रडून आवाज बसेल म्हणून माय आणखी ओरडायची.

मला भास्करमास्तरांकडे नेलं ते बाबांनी, मी अकरा वर्षांची असताना. मास्तर शहरातल्या महाल भागात राहायचे आणि एका नाटक कंपनीत पेटी वाजवायचे. उंच, किडकिडीत, खांद्यावर कायम एक धुतलेला पंचा. शिकवताना ते चांगलं म्हणायचे नाहीत, वाईटही म्हणायचे नाहीत. नीट झालं की डोळे मिटायचे आणि चुकलं की उघडायचे. सतराव्या वर्षी त्यांनीच मला कंपनीत उभं केलं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायची आणि आमची नाटकं निघायची. खापा, कन्हान, रामटेक, पार भंडाऱ्याच्या पलीकडे. तिथे गाणारी बाई खरोखर गाते की नाही हे पहिल्या रांगेतला म्हातारा मान वर करून तपासायचा आणि पटलं तर तेच गाणं तीन-तीनदा म्हणायला लावायचा. मी काळी पाचमध्ये गायची. पेटीच्या ज्या पट्टीवर गाणाऱ्याचा सा धरतात तिच्यावरून गळ्याची उंची ठरते, आणि पाचवी काळी पट्टी ही बाईच्या गळ्यालाही चांगली उंच. कोणी आपलं गाव सांगावं तसं मी ते सांगायची. नाव काय, कुंदा. कुठली, नागपूरची. कुठे गाते, काळी पाच.

आता माझी नात मोबाइलवर गाते, आणि सूर झेपला नाही तर बोटाने सरकवून खाली घेते. तिला मी काळी पाचचा अभिमान सांगायला गेले तर ती म्हणाली, "आजी, पण गाणं तर तेच राहते ना?" हे वाक्य मला विसाव्या वर्षी कोणी ऐकवलं असतं तर मी त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

कंपनीत एक रीत होती, आणि ती कोणी लिहून ठेवली नव्हती तरी सगळे पाळायचे. गाणारा माणूस दुसऱ्याच्या हातचं पान खायचा नाही, चहा प्यायचा नाही, पाण्याचा तांब्या घरून आणायचा. कारण शेंदूर. जळणारे लोक पानातून, पाण्यातून शेंदूर घालतात आणि त्याने गळा कायमचा जातो, असं सगळ्यांचं म्हणणं. कोणाला घालताना कोणी पाहिलं नव्हतं, पण ज्याचा ज्याचा आवाज गेला त्याला त्याला शेंदूर घातलेलाच होता. बाबा म्हणायचे, विडी पिऊन आवाज गेला म्हणायला लाज वाटते, म्हणून शेंदूर. माय मात्र ही गोष्ट ऐकून अगदी समाधान पावली. जग तिला वाटत होतं तसंच निघालं होतं. तेव्हापासून ती माझ्या तालमीला यायला लागली, तांब्या मांडीवर धरून आणि त्याच्या तोंडावर हात ठेवून.

मग पिक्चरवाले आले. मुंबईचे दिग्दर्शक, गोरे, मृदू बोलणारे, तोंडात सतत लवंग. त्यांना रामटेकच्या बाजूला चित्रपट करायचा होता आणि नायिकेच्या धाकट्या बहिणीच्या कामाला स्वतः गाणारी मुलगी हवी होती. पडद्यावर जिचं तोंड तिचाच आवाज, असा त्यांचा आग्रह. आमचं एक नाटक पाहून त्यांनी मला निवडलं. एकच गाणं होतं, पण ते माझं होतं, आणि कंपनीचे वाजवणारे घेऊन त्याची तालीम मास्तरच घेणार होते. मी गल्लीत प्रत्येक दारात जाऊन ते सांगितलं आणि ज्या घरी कोणी नव्हतं तिथे संध्याकाळी परत गेले. विणकराच्या पोरीचा आवाज थेटरात घुमणार, याहून मोठं त्या गल्लीत काही घडलेलं नव्हतं, आणि मलाही आयुष्यात दुसरं काही नको होतं.

रेकॉर्डिंगला तीन आठवडे उरले असताना, एका दुपारी तालमीहून परतताना माय म्हणाली, "कुंदे, त्या मास्तरनं पेटी काहून फिरवली वं?"

"कुठं फिरवली?"

"पहिले त्याची बोटं दिसत होती. आता पेटीची पाठ दिसते."

"उजेडासाठी असन."

"उजेड तर त्याच्या पाठीकडून येऊन राहिला. पाठीले उजेड कायले लागते?"

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी पाहिलं तर खरंच, पेटीची फळी आमच्याकडे आणि पट्ट्या मास्तरांकडे. तेवढ्यात सुनंदा त्यांच्या बाजूला जाऊन बसली. सुनंदा कन्हानची, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कंपनीत नवी आणि मास्तरांकडेच शिकणारी. मला ती आवडायची, निदान त्या दिवसापर्यंत. मी गात असताना ती पट्ट्यांकडे बघत होती, आणि मला जे दिसू दिलं जात नव्हतं ते तिला दिसत होतं. गाणं अर्ध्यावर सोडून, पदर अडकल्याचं निमित्त करून मी पेटीच्या मागे गेले. मास्तरांचं बोट काळी चारवर होतं.

म्हणजे कित्येक दिवस मी दोन पट्ट्या खाली गात होते आणि मला कोणी सांगितलं नव्हतं. मी गुपचूप जागेवर आले आणि गाणं पुरं केलं. त्यानंतर जे जे दिसलं ते सगळं त्या बोटाला जाऊन चिकटलं. मास्तर माझ्याशी कमी बोलतात, चिकटलं. बासरीवाला नजर चुकवतो, चिकटलं. दोन दिवसांनी दिग्दर्शक तालीम बघायला आले आणि अंगणात मास्तर त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. जवळच सुनंदा चहाचे कप घेऊन उभी. मी खिडकीशी गेले तेव्हा एवढंच कानावर आलं, "...वर टिकणार नाही ती." घरी येऊन मी मायला सांगितलं. सुपातले तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "कन्हानवालीले चढवून राहिला तो. तुले खाली उतरवल्याशिवाय ते कशी चढन?" इतकं सरळ होतं ते. मला आधीच कसं सुचलं नाही याचंच आश्चर्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी बसली होती. मी उभी राहिले पण गायले नाही.

"मास्तर, पेटी इकडे फिरवा."

"काय झालं वं?"

"फिरवा. साऱ्याइले पाहू द्या तुमचं बोट कुठं हाय ते."

मास्तरांनी भात्यावरचा हात काढला. पेटी फिरवली नाही.

"कोण्या पट्टीत गाऊन राहिली मी?"

"काळी चार."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. थोडं थोडं करून."

"काहून?"

"रेकॉर्डिंग होऊ दे कुंदा. मग सांगतो."

"आताच सांगा. सुनंदासाठी ना? माहा गळा बसला असं साहेबाले दाखवून तिले उभी करून राहिले ना तुम्ही?"

सुनंदा रडायला लागली. मला ते नाटक वाटलं. मास्तर माझ्याकडे बघत होते, डोळे उघडे. "तुले असं वाटते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले, पेटी बंद केली, तिच्यावर खांद्यावरचा पंचा घातला आणि बाहेर गेले. मागून माझी माय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खरं निघालं का माणूस असाच उठून जाते." मला तेव्हा तिचा अभिमान वाटला. आज हे लिहिताना मला लाज वाटते, आणि वय झालं म्हणून ती कमी झालेली नाही.

त्याच संध्याकाळी सुनंदा आमच्या दारात आली. हातात काचेची बाटली. "मास्तरनं देल्ला. गळ्यासाठी हाय, सकाळ-संध्याकाळ घेजो म्हणे." मायने बाटली घेतली, तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. ती गेल्यावर मोरीशी बसून बूच काढलं आणि थोडं ओतलं. लाल. चांगलं दाट, तांबूस लाल. माय आणि मी एकमेकींकडे पाहिलं. शेंदूर हा शब्द कोणाला उच्चारावा लागला नाही. "पोरीच्या जिवावर उठला वं," माय म्हणाली आणि अख्खी बाटली मोरीत रिकामी केली. बाबा मागावरून म्हणाले, "अवं, शेंदूर पाण्यात विरघळते का?" आम्ही दोघींनी ते ऐकलं नाही. ऐकायचंच नव्हतं.

रेकॉर्डिंगला मी दिग्दर्शकांना दोन गोष्टी सांगितल्या. मास्तर आत असले तर मी गाणार नाही, आणि गाईन तर काळी पाचमध्येच. ते म्हणाले, "मास्तरांचं म्हणणं वेगळं होतं." मी म्हटलं, "म्हणूनच." त्यांनी लवंग दुसऱ्या गालात सरकवली आणि मुंबईच्या पेटीवाल्याला बसवलं. माय स्टुडिओच्या दाराबाहेर स्टुलावर तांब्या घेऊन बसली, मास्तर फिरकले तर अडवायला. आत काच, गाद्या लावलेल्या भिंती, कानावर यंत्र. पहिल्या वेळी मी चांगली गायले. दुसऱ्यांदा वरच्या सा वर काहीतरी खरखरलं. तिसऱ्यांदा मी जोर लावला आणि आवाज मधोमध फाटला, इतका की वाजवणाऱ्यांचे हात आपोआप थांबले. मी आणखी चार वेळा प्रयत्न केला. शेवटी तोंडातून नुसता वारा येत होता. दिग्दर्शक आत येऊन म्हणाले, "राहू द्या आज." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

बाहेर माय उठून उभी राहिली. "झालं?" मी मान हलवली. झालं. तिने स्टुडिओच्या दाराला हात लावून तो कपाळाला लावला. तिला खरं सांगायला माझ्याकडे आवाज नव्हता, आणि असता तरी सांगितलं नसतं.

डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर बारीक गाठी आल्या होत्या, झेपत नसताना उंच गाऊन गाऊन. वर्षभरापासूनच्या असतील म्हणाले. दोन महिने शब्दही बोलायचा नाही, आणि पुढे गायचं तर खालच्या पट्टीत. मी त्यांच्यासमोर बसले होते आणि मला फक्त मास्तरांचं काळी चारवरचं बोट दिसत होतं. जे डॉक्टरांनी आरशातून पाहिलं ते त्या माणसाने नुसतं कानाने ओळखलं होतं. घरी माय नळावर बायांना सांगत होती की बाटली ओतून टाकली तरी हवेतून लागलंच काहीतरी, मास्तरची नजरच तशी. रोज सांगायची, रोज एक शिवी वाढवून. मला बोलायला बंदी होती. मी पाटीवर लिहून बाबांना ते तिला वाचून दाखवायला लावू शकले असते. दोन महिने पाटी कोनाड्यात होती आणि मी लिहिलं नाही.

माय नळावर गेली असताना दिग्दर्शक घरी येऊन बाबांशी बोलले. काम माझंच राहील, गाणं सुनंदाने गायलंय. नको असेल तर तसं सांगा. मी मान हलवून हो म्हटलं, कारण नाही म्हटलं तर गल्लीला कारण सांगावं लागलं असतं. रामटेकला सोबत मी मायऐवजी बाबांना नेलं. गडाच्या पायऱ्यांवर कर्ण्यातून सुनंदाचा आवाज यायचा आणि मी ओठ हलवायची. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम ते. पण एक गोष्ट पहिल्याच दिवशी ध्यानात आली की ओठ कुठेच चुकत नव्हते. सुनंदा तिथे आली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तीच माझ्याजवळ येऊन बसली.

"मी नाही म्हणत होती वं," ती म्हणाली. "मास्तरनं पेटीवर बसून करून घेतलं. म्हणे, कुंदीच्या तोंडात मुंबईचा आवाज जाण्यापेक्षा तुहा जाऊ दे. तू तिच्यासंगच शिकली, ते जिथं श्वास घेते तिथंच घेशीन."

मी कुजबुजत विचारलं, "पट्टीचं साऱ्याइले माईत होतं?"

"साऱ्याइले. बासरीवाल्यानं तुह्या समोर बासरी बदलली, तुले समजलं नाही? मास्तरनं शपथ घातली होती. तिले आकडा समजला का ते आकडा गाईन, गाणं नाही गाणार म्हणे."

"आणि ते बाटली?"

"खैराच्या सालीचा काढा. मी बी पेतो."

चित्रपट लागला तेव्हा अख्खी गल्ली दुपारच्या खेळाला गेली. बाबांनी खास विणलेलं लुगडं नेसून माय माझ्या शेजारी बसली. ती वाचू शकत नव्हती, त्यामुळे गाणाऱ्यांची नावं सरकत गेली ती तिच्यासाठी नुसत्या रेघा होत्या. मी मात्र ते नाव सबंध वाचलं. मग मी आले, पडद्यावर, तीन माणसांएवढी, आणि गायला लागले. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या, आमच्या गल्लीतल्या बायांनी टाळ्या पिटल्या. कोणीतरी ओरडलं, "आमच्या कुंदीचा आवाज हाय!" मायने टाळी वाजवली नाही. डोकं जरा वाकडं करून ती ऐकत होती, वासावरून दूध पारखताना असायची तशी. गाणं संपत आलं तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "पेटी मास्तरची हाय."

त्या दिवशी मास्तर स्टुडिओत नव्हते हे तिच्याइतकं पक्कं कोणाला ठाऊक होतं? दारात तीच तर बसली होती. मी गायले तेव्हा पेटी दुसऱ्याची होती. पेटी मास्तरांची, तर आवाज माझा नाही. आयुष्यभर जिने प्रत्येकाला उलटसुलट विचारलं, ती आता मला एक प्रश्न विचारणार म्हणून मी वाट पाहत बसले. तिने विचारलं नाही. थेटरातून बाहेर पडताना विचारलं नाही, घरी आल्यावर नाही, आणि पुढे ती पुष्कळ वर्षं जगली, तेव्हाही नाही. गल्लीतल्या बाया माझ्या आवाजाचं कौतुक करायला आल्या तर म्हणायची, "मग! आमचीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर घरात तळणाचा वास. मायने वडाभात केला होता, वर हिंगाची फोडणी घातलेलं तेल, कढी वेगळी. सण नव्हता, पाहुणे नव्हते. तिने डबा भरला, फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला.

"महालात नेऊन दे."

"कोणाले?"

"कोणाले म्हणजे? मास्तरले." मी दारापर्यंत गेले तेव्हा तिने मागून हाक मारली. "आणि पाह्य, त्याच्या समोर पहिला घास तू खाजो. नाहीतर त्याले वाटन, आपण काही घातलं."

मास्तर ओट्यावर बसून पेटीचा भाता पुसत होते. मी समोर उभी राहिले. रस्ताभर जे जुळवलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना. "मास्तर, मी चुकले," एवढंच निघालं, आणि तेही घोगरं. त्यांनी डब्याकडे पाहिलं.

"मायनं देल्ला?"

"हो. थांबा, पहिले मी खातो..."

मी गाठ सोडायला खाली बसले. त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, उघडला, आणि मी हात पुढे करायच्या आत एक मोठा घास तोंडात घालून डोळे मिटले.